चेंदणीच्या ओटीवर जपानी पाहुणे

रेवदंड्याच्या धक्क्यावरून मचवा सुटला तेव्हा आई आली नव्हती. ती घरीच राहिली, आणि बाबा गुडघाभर पाण्यात उभे राहून मला सांगत होते, "पत्रात आधी तब्येत लिहायची, मग नोकरी." मी मान डोलावली. वय एकोणीस, इंग्रजी सहावीपर्यंत, आणि कल्याणच्या एका भाटिया कापूसवाल्याकडे तीन महिन्यांच्या बोलीवर कारकुनी. राहायला ठाण्यात, नात्यातल्या एका वकिलांच्या घरी.

गावी राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना पुढची हकिगत सांगायची आहे, कारण तिच्याबद्दल गावात बरंच उलटसुलट पोहोचलं होतं.

तिसरा महिना संपत आला असताना शेठ म्हणाले, मुंबईहून दोन जपानी व्यापारी वखारीतल्या गाठी बघायला येणार आहेत. सकाळी माल बघतील, दुपारी जेवून परत जातील. शेठ पक्के वैष्णव, त्यांच्या घरी मासळीचा वासही चालत नसे. आणि पाहुण्यांनी निरोप धाडला होता की भात आणि ताजी मासळी मिळाली तर बरं. हे काम माझ्यावर आलं. शेठ एवढंच बोलले, "जेवण बिघडलं तर सौदा बिघडला समज."

मी शोधायला निघालो. कल्याण स्टेशनवरच्या साहेबांच्या जेवणाच्या खोलीत पाव आणि मटण होतं. ठाण्याच्या खानावळीत वरणभात. डाक बंगल्याच्या खानसाम्याने मासळी दाखवली, ती शिळी, डोळे आत गेलेले. रेवदंड्याच्या माणसाला आणखी काय बघायचं असतं? शेवटी ठाण्यातल्याच चेंदणीच्या कोळीवाड्यात गेलो. तिथे हिराबाई नावाची विधवा खलाशांना जेवू घालायची. तिच्या चुलीचा वास रस्त्यावर आला आणि गाव सोडल्यापासून पहिल्यांदा मला खरी भूक लागली.

मी सगळं सांगितलं. ती बोईट मासे साफ करत होती, हात न थांबवता म्हणाली, "पावनं जेवतील रं. पन तू जेवशील का, ता आंदी सांग."

आमच्यात मासळी कोळणीकडून घ्यायची, पण तिच्या हातचं शिजवलेलं खायचं नाही. वकिलांच्या घरी कळलं तर काय होईल हेही माहीत होतं. पण पाहुण्यांना एखाद्याच्या घरी न्यायचं आणि आपण बाहेर उभं राहायचं, हे मला जमेना. जेवेन म्हणालो.

पाहुणे आले त्या दिवशी मी हिराबाईच्या ओटीवर दोन खुर्च्या मागून आणून ठेवल्या होत्या. पाहुण्यांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कुणी न सांगता दोघांनी बूट ओटीखाली काढले आणि चटईवर गुडघे दुमडून बसले. हिराबाईचा चेहरा तिथेच निवळला. कालवण झालं, तळलेली मासळी झाली. मग दोघांतले वयस्कर गृहस्थ उठून परसात गेले. टोपलीत नुकतीच खाडीतून आलेली बोईटं होती. धाकट्याला इंग्रजी येत होतं. त्याने मला विचारलं, एक धारदार सुरी आणि थोडं आंबट मिळेल का?

हिराबाईने सुरी दिली, ताडीचा सिरका दिला. म्हाताऱ्याने मासा इतका पातळ कापला की ती कामधाम सोडून बघत राहिली. त्याने भातात सिरका आणि मीठ कालवलं, मूठभर गोळा वळला, वर कच्च्या मासळीचा काप ठेवला आणि पहिला घास दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. तिने तो खाल्ला, सावकाश चावला आणि म्हणाली, "मीठ कमी हाय." मी ते भाषांतर करून सांगितलं. म्हातारा इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. दुसरा घास माझा. गिळताना आईचा चेहरा समोर आला, पण चव वाईट नव्हती.

सौदा झाला, माझी नोकरी कायम झाली. वकिलांनी मात्र आठ दिवसांत शांतपणे सांगितलं की आता दुसरीकडे बघ. वर्षभर जातीतल्या पंगतीला बोलावणं आलं नाही. त्याचं वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. मी जवळच कोपरीत खोली घेतली, आणि त्यानंतर शेठकडे येणारे, मासे खाणारे सगळे पाहुणे हिराबाईच्या ओटीवरच जेवले.

पुढल्या वर्षी आई आली. तिला सगळं कळलं होतं. ती रागावली नाही, पण हिराबाईकडे जेवलीही नाही. हिराबाई रोज मासळी घेऊन यायची, पायरीखाली बसायची, आई उंबऱ्यात. कालवणात चिंच की आमसूल यावर दोघींचं चार दिवस भांडण चाललं. जायच्या दिवशी आईने ट्रंक उचलायला सांगितली, आणि दारातून वळून म्हणाली, "हिराबाई, याच्या जेवणाकडे लक्ष ठेवा."

हिराबाईने नुसतं "व्हय" म्हटलं.

त्याआधी मी ठाण्याहून पत्र लिहिताना वर 'मुक्काम ठाणे' असं घालत असे. आई गेली त्या संध्याकाळी ती सुखरूप निघाल्याचं बाबांना कळवायला बसलो, आणि मुक्काम हा शब्द लिहावासा वाटला नाही. नुसतं 'ठाणे' लिहिलं, आणि पुढे तब्येत.