माझ्या गालातले फुटवे

बायोप्सीचा रिपोर्ट वाचून डॉक्टर म्हणाले, "बाई, हा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा आहे." म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर. मी निपाणीच्या शाळेत शिकवते, तरी मिश्रीची, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या भुकटीची, सवय जुनी; गालात चट्टा उठला तरी दाढच दुखतेय समजून चार महिने तीच दाबत होते. आमच्याकडे बायकांचं दातदुखीवरचं औषध तेच. चोराच्याच हाती किल्ल्या दिल्या मी.

ऑपरेशन बेळगावात ठरलं. आदल्या दिवशी डॉक्टर संमतीचा एक कागद घेऊन आले. तपासणीनंतर गाठीचा उरलेला तुकडा संशोधनाला द्याल का? गाठीतल्या थोड्या पेशी कॅन्सर स्टेम सेल, म्हणजे मूळ धरणाऱ्या असतात. बाकीच्या मेल्या तरी त्या पुन्हा गाठ उभी करू शकतात. त्याच वेगळ्या काढून प्रयोगशाळेत वाढवून पाहायच्या होत्या. "तुम्हाला यातून फायदा नाही. नाही म्हणालात तरी उपचार तेच," ते म्हणाले.

माझी थोरली बहीण, आक्का, तंबाखूच्या रानात राबलेली. ती भडकली. "काढल्यालं दुखणं परत वाढवायचं? नगं गं बाई." मग तिनेच कागद माझ्यापुढे सरकवला. "पर शेंडा खुडला की तंबाखूला बगलंतनं फुटवे येत्यातच की. कुठनं येत्यात ते कळल्याबिगर काढणार कसं? कर सही."

मी केली.

पुढचे दिवस धुक्यात गेले. नाकात नळी, तोंडात शब्द नाही. उन्हं भिंतीवर पानांसारखी हलायची आणि मला वाटायचं, याच इमारतीत कुठल्याशा उबदार कपाटात माझा तुकडा जागा आहे. आधी त्याची भीती वाटली. मग का कोण जाणे, मी त्याची विचारपूस करू लागले, मनातल्या मनात.

रेडिएशन, म्हणजे किरणांचा उपचार, संपला. तीन महिन्यांनी तपासणीला गेलो. गाल स्वच्छ होता. पण डॉक्टर ओशाळून म्हणाले, "माफ करा, तुमच्या तुकड्यातल्या पेशी जगल्या नाहीत."

"डाक्टर, पेढं वाटायची बातमी आसं तोंड पाडून काय सांगताय?" आक्का म्हणाली.

प्रयोगशाळेतल्या मेल्या म्हणून माझ्यातल्याही मेल्या असं नसतं, हे त्यांनी समजावलं. तपासण्या चालूच राहणार. हे वाचणाऱ्यांना मी एवढंच सांगेन: तुमच्या गालातला चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही तर मिश्री लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि असा कागद पुढे आला तर घाबरू नका, नीट वाचा.

डॉक्टर अजून खट्टूच होते. मला त्यांची फार माया वाटली. बोबड्या जिभेने मी म्हणाले, "दुसरा तुकडा मात्र माझ्याकडनं मिळायचा न्हाय."

"नकोच आहे," ते म्हणाले.