शाफ्टच्या दात्यांवर टिकलेलं ग्रीस

फर्डिनंड तुस्कानोने मोटरसायकलचं मागचं चाक ओढून काढलं आणि विटकरी रंगाची भुकटी भसकन त्याच्या तळहातावर सांडली. तो उकिडवा होता तसाच बसून राहिला.

"काका, काय झालं?" वसुंधरा टीचरने विचारलं.

"माझं नाक कापलं गेलं, टीचर."

वसुंधरा चंदनसारला राहायची, शाळेत गणित शिकवायची आणि सुट्टी लागली की तिची जुनी परदेशी मोटरसायकल घेऊन लांब निघून जायची. त्या गाडीला चेन नव्हती. इंजिनाचा जोर शाफ्टमधून, म्हणजे लोखंडी दांड्यातून, मागे यायचा आणि शेवटी उभ्या दात्यांची एक जोडणी चाकाच्या खाचांत बसायची. त्या दात्यांना सहा हजार किलोमीटरपूर्वी फर्डिनंडनेच स्वतःच्या हाताने ग्रीस लावलं होतं, आणि आता तिथे ग्रीसचा टिपूसही नव्हता. दाते कोरडे पडून एकमेकांना खात होते, आणि ती भुकटी म्हणजे त्यांचाच गंज होता.

फर्डिनंड नंदाखाल गावचा. केळीच्या वाडीतलं पाण्याचं इंजिन त्याने तेराव्या वर्षी खोललं आणि दुसऱ्या दिवशी चालूही करून दाखवलं. पुढे चोवीस वर्षं कारखान्यात यंत्रं सांभाळली आणि निवृत्त झाल्यावर घरामागे माडांखाली पत्र्याची शेड टाकली. नुसत्या आवाजावरून गाडीचा आजार सांगणारा माणूस म्हणून आगाशीपर्यंत त्याचं नाव होतं. आणि आयुष्यभर प्रत्येक गाडीला त्याने एकच पिवळं ग्रीस लावलं होतं. बेअरिंगला तेच, शाफ्टला तेच.

"ग्रीस म्हणजे ग्रीस, असंच मी समजत होतो," तो म्हणाला. "पण बेअरिंग गोल फिरतं. हे दाते फिरत नाहीत, जागच्या जागी घासतात. काम वेगळं, मग औषधही वेगळं लागणार."

"मग परीक्षाच घेऊ या," टीचर म्हणाली.

हे ऐकताच फर्डिनंडच्या अंगात वारं शिरलं. चार दिवसांत त्याने चार डबे जमवले. त्याचं नेहमीचं पिवळं, ट्रकवाल्यांचं काळं, अर्नाळ्याच्या बोटींना लावतात ते पाण्याला दाद न देणारं निळं, आणि टीचरने मागवलेली करडी पेस्ट. पेस्टमध्ये निम्म्याहून जास्त मॉलिब्डेनमच्या संयुगाची पूड होती. ही पूड शिसपेन्सिलीच्या शिशासारखी, दोन लोखंडांच्या मध्ये पापुद्र्यासारखी पसरून बसते.

पहिली परीक्षा उडण्याची. विहिरीच्या पंपाच्या मोटरीवर त्याने लोखंडी चकती बसवली, भोवती जुनी पांढरी चादर बांधली आणि बटण दाबलं. पिवळं ग्रीस क्षणात सुटलं आणि चादरीवर सर्रकन पट्टा उमटला. काळ्याचेही शिंतोडे उडाले. निळं आणि करडं मात्र चिकटून राहिलं.

"कॅथरिन! अगं ये, बघ!" तो ओरडला.

त्याची बायको कॅथरिन पिठाचे हात घेऊनच धावत आली. तिने ग्रीस नाही, चादर बघितली. "ही माझी कपाटातली चादर आहे, फर्डी!"

दुसरी परीक्षा उरलेल्या दोघांची, घासण्याची. भंगारातल्या बसचा वायपर त्याने दोन जुन्या दातेरी तुकड्यांना जोडला. वायपरचा दांडा पुढे-मागे, पुढे-मागे हलतो, अगदी शाफ्टच्या दात्यांसारखी. वर वजन टांगलं आणि अर्नाळ्याहून आणलेलं खारं पाणी थेंबथेंब सोडलं. सकाळपासून दुपारपर्यंत एक ग्रीस, दुसऱ्या दिवशी दुसरं. टीचर शाळा सुटली की थेट येऊन वहीत टिपून घ्यायची.

निळ्याने पाणी अडवलं, पण वजनाखाली ते दबून बाजूला सरलं आणि मधोमध विटकरी रेघ उमटली. पेस्टखालचे दाते आरशासारखे निघाले! फर्डिनंडने टाळी वाजवली, पण तुकडा उजेडात धरल्यावर त्याचा चेहरा पडला. कडेची पेस्ट खाऱ्या पाण्याने धुऊन गेली होती आणि तिथे गंजाचे ठिपके दिसत होते.

त्याने चहा घेतला नाही. शेडमध्ये येरझाऱ्या घातल्या आणि एकदम थांबला.

"टीचर, दोघांनाही कामाला लावलं तर? दात्यांवर पेस्टचा पातळ थर आणि तोंडावर निळ्याचं कडं. आतला मार पेस्ट सोसेल, बाहेरचं पाणी निळं अडवेल!"

"पण दोन ग्रीस एकत्र आली की कधीकधी पातळ होऊन वाहतात, काका." तिने दोन्ही डबे उलटेपालटे करून बारीक अक्षरं वाचली. "ग्रीसला घट्ट करणारा साबण दोन्हींत लिथियमचाच आहे. जमायला हरकत नाही."

"जमतं का ते वायपरलाच विचारू."

या खेपेला वायपर दोन पूर्ण दिवस चालला. फर्डिनंडने तुकडे सोडवले. त्याने कापडाने एक दाता पुसला, मग दुसरा, मग सगळेच. काळे, गुळगुळीत, चकचकीत. कुठेच भुकटी नव्हती.

"पास!" टीचर ओरडली आणि तिने वहीत दोनदा रेघ ओढली.

पण खरी परीक्षा रस्त्यावरच होती. चाकाचे झिजलेले भाग फर्डिनंडने बदलले, नवे दाते केरोसीनने धुतले, पेस्ट ब्रशने जेमतेम लावली आणि निळं कडं बोटाने फिरवलं. दिवाळीच्या सुट्टीत वसुंधरा किनाऱ्याकिनाऱ्याने कन्याकुमारीला निघाली. वाटेत परतीच्या पावसाने तिला दोनदा गाठलं. मालवणला भरतीच्या गुडघाभर पाण्यातून गाडी काढावी लागली, तेव्हा तिचा फोन आला. "काका, चाक पाण्याखाली होतं हो!" त्या दिवसापासून फर्डिनंडला धड जेवण गेलं नाही.

अठराव्या दिवशी चिखलाने माखलेली गाडी शेडसमोर उभी राहिली. टीचर हेल्मेट काढत होती, तोवर फर्डिनंडने पाना लावलासुद्धा. चाक सुटलं. त्याने तळहात खाली धरला.

काहीच सांडलं नाही.

निळं कडं मळलं होतं, पण जागेवर होतं. आत पेस्ट दात्यादात्याला धरून बसली होती. साडेतीन हजार किलोमीटर आणि समुद्राचं पाणी पचवून दाते लखलखत होते. फर्डिनंडला हसूही येत होतं आणि डोळेही भरत होते.

"बासष्टाव्या वर्षी नवीन धडा शिकलो," तो म्हणाला.

"मग आता तुम्हीच चालवून बघा," टीचरने किल्ली पुढे केली.

चाक बसवून त्याने गाडी चालू केली आणि मान वळवली. कॅथरिन दारातच उभी होती. नको नको म्हणत ती मागे बसली आणि त्याचा खांदा घट्ट धरला. गाडी निर्मळच्या रस्त्याला लागली. मागून चेनचा खडखडाट नाही, काही नाही. नारळाच्या वाड्या दोन्ही बाजूंनी भराभर मागे पडत होत्या, आणि कॅथरिन हसत त्याच्या कानात ओरडत होती, "अजून जोरात, फर्डी!"