चारकोपचं वळणदार छप्पर

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात आमचं आर्किटेक्टचं ऑफिस आहे. मी आणि मिलिंद, दोघंच. गेली कित्येक वर्षं आम्ही कॉम्प्युटरवर वाकड्यातिकड्या इमारती काढतोय. आधी विकतचं सॉफ्टवेअर होतं, मग स्वतः कोड लिहायला लागलो, आता एआय आलंय. प्रत्यक्षात मात्र काहीच बांधून होईना. त्यामुळे इमारतींऐवजी किस्सेच साठत गेले.

*

पहिला टीकाकार घरातलाच. मिलिंदने कॉलेज संपल्यावर केलेली पहिली इमारत वडिलांना स्क्रीनवर फिरवून दाखवली. काका मूळचे मालवणचे, गिरणीत नोकरी केलेले. भिंत कुठे संपते आणि छप्पर कुठे सुरू होतं ते कळू नये, असा तो आकार.

काकांनी चष्मा लावून तो सगळ्या बाजूंनी पाहिला आणि शांतपणे विचारलं, "बरां आसा. पण भितर जावचां खयसून?"

मिलिंद दार ठेवायलाच विसरला होता! तीन दिवस खपून त्याने दार बसवलं. त्यात आकाराची अशी वाट लागली की त्याने फाईलच डिलीट केली.

*

अंधेरीतल्या एका प्रदर्शनात आमची सहा चित्रं लागली होती. एक ज्येष्ठ समीक्षक आले. पाच चित्रांना त्यांनी "कॉम्प्युटरचे चाळे" म्हणून निकालात काढलं. सहाव्यापुढे मात्र बराच वेळ थांबले.

"इथे माणसाचा हात जाणवतो," म्हणाले.

सॉफ्टवेअर हँग झालं होतं तेव्हाची ती स्क्रीन होती. घाईत तिचीच प्रिंट निघाली होती. मिलिंदने त्यांना वाकून नमस्कार केला. दुसरं काय करणार?

*

शेवटी चारकोपच्या एका सोसायटीने हॉलचं काम दिलं आणि आम्ही त्यावर वळणदार छप्पर काढलं. "हे छप्पर लोकांना दिसलं नाही ना, तर मी जन्मभर दुसऱ्यांच्या टॉयलेटची ड्रॉइंग्ज काढत बसेन," मिलिंद म्हणाला. तो गंमत करत नव्हता.

आमच्या चित्रांत माणसं रेडीमेड चिकटवलेली असतात. पहिल्याच मीटिंगला चेअरमन कांबळे मॅडमनी बोट ठेवलं, "ही सोनेरी केसांची बाई कुठल्या विंगमधली?"

"कुठलीच नाही मॅडम, नुसतं चित्र आहे."

"मग आमच्या हॉलमध्ये कुत्रा घेऊन काय करतेय?"

पुढच्या मीटिंगसाठी मिलिंदने सोसायटीच्या पूजेच्या फोटोंतून कमिटीचे चेहरे उचलून चित्रात बसवले. हॉल लगेच मंजूर. विरोध कमिटीतल्या एकट्या तांबेकाकांचा. ते फोटोंत नव्हते, कारण फोटो त्यांनीच काढले होते.

"मी पस्तीस वर्षं पत्र्याची कामं केलीत," काका म्हणाले. "हे गळणार. गळलं की वर सरळ पत्र्याची शेड टाकायची. मिनिट्समध्ये लिहा."

लिहिलं गेलं. शेड पडली की आमचं छप्पर कायमचं झाकलं जाणार. त्या दिवशी मिलिंद जेवला नाही.

*

छपराचे एकशे चाळीस तुकडे, प्रत्येकाचा आकार वेगळा. फॅब्रिकेटर शिंदे म्हणाले, "मॅडम, दोन तरी सारखे ठेवा ना." मी त्यांना कौतुकाने समजावलं की गंमत त्यातच आहे, आणि प्रत्येकावर खडूने नंबर टाकला.

शिंदे टापटिपीचे. माल पाठवायच्या आधी त्यांनी सगळ्या तुकड्यांना दोन्ही बाजूंनी प्रायमरचा रंग मारला.

आठ दिवस आम्ही कुठला तुकडा कुठे बसतो ते शोधत होतो. शिंदे रोज चहा आणून द्यायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत. तेच जास्त लागायचं.

*

छप्पर चढलं. तांबेकाकांनी टाकीचा पाइप वर नेला आणि सकाळीच पाणी सोडलं. अख्खी सोसायटी खाली जमली. मिलिंद वर बघत नुसता उभा होता.

दुपारपर्यंत आत एक थेंब आला नाही. पाणी वळणावळणाने निघून बाहेरच्या बागेत पडत होतं.

काकांनी नळ बंद केला. शिडी लावून स्वतः वर गेले, एकेक सांधा हाताने चाचपला आणि खाली आले. मग मिलिंदच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मी चुकलो रे. पस्तीस वर्षांत असं काम बघितलं नाही."

मिलिंदच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही.

काका कमिटीकडे वळले. "एवढं झकास छप्पर असं उन्हापावसात उघडं ठेवायचं? वरून पत्र्याची शेड टाकून घेऊ."

कांबळे मॅडमनी अनुमोदन दिलं.