वरच्या मजल्याचं पाणी

बायकोला हॉस्पिटलात नेलं त्या सकाळी, मी दाराला कुलूप शोधत होतो आणि ती मागच्या गॅलरीकडे बघत उभी होती. म्हणाली, "अहो, हंसराजाला पाणी तेवढं बघून घाला." मी म्हटलं, "घालतो गं, आधी चप्पल घाल." बाराव्या दिवशी ती गेली. त्या बारा दिवसांत आम्ही डॉक्टर, गोळ्या, लेकीचं पुण्याहून येणं, असल्या गोष्टी बोललो. घराबद्दल तिने मला सांगितलेलं शेवटचं काम एवढंच, आणि मी 'घालतो' म्हणालो होतो.

नेचे तिचे. माझा त्यांच्याशी संबंध नव्हता. मी त्याला 'तुझं जंगलखातं' म्हणायचो. सिल्वासात डोकमर्डीतल्या आमच्या फ्लॅटची मागची गॅलरी उत्तरेकडे आहे, तिथे तिने हिरवी जाळी बांधून सावली केली होती. ग्रिलला टांगलेल्या दोन टोपल्यांतून लांब पानांचे नेचे खाली लोंबायचे. एक कोपऱ्यात, घरट्यासारखा गोल पसरलेला. आणि स्टुलावर, सगळ्यांपासून जरा बाजूला, हंसराज. हा ओल्या कपारीत, विहिरीच्या चिऱ्यांत उगवतो. काळ्या तारेसारखे देठ, कोथिंबिरीसारखी पानं. दिसायला इतका नाजूक की फुंकर मारायचीही भीती वाटावी.

तो आम्हाला खानवेलच्या रस्त्यावर मिळाला होता. सिल्वासाला बदली झाली तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी प्रशासनात कारकून, ती दिवसभर क्वार्टरमध्ये एकटी. कोकणातून आलेल्या तिला इथे कोणी ओळखीचं नव्हतं. एका रविवारी तिला बरं वाटावं म्हणून खानवेलला बसने घेऊन गेलो. परत येताना बस बिघडली. रस्त्याखालच्या मोरीच्या भिंतीवर तिला हंसराज दिसला, आणि ती चक्क खाली उतरली. केसातल्या पिनेने मुळं सोडवली आणि डब्यातल्या उरलेल्या पोळ्या माझ्या हातात देऊन ते रोप डब्यात भरलं. मी रस्त्यावर पोळ्या हातात धरून उभा. मला भयंकर लाज वाटत होती. ती मात्र सिल्वासाला आल्यापासून पहिल्यांदा मोकळी हसली.

ते रोप एकतीस वर्षं जगलं. कुंड्या बदलल्या, घर बदललं, लेक मोठी होऊन सासरी गेली, हंसराज होता तसाच.

तर आता ते माझ्यावर आलं. मार्चअखेर मी निवृत्त झालो. तेव्हा कळलं की या घराच्या दुपारी मी कधी पाहिल्याच नव्हत्या. सदतीस वर्षं माझी दुपार फायलींत गेली. आता अकरा वाजता जेवण उरकायचं आणि पुढे संध्याकाळपर्यंत करायला काही नाही. लेक फोनवर म्हणायची, "बाबा, इकडे या." मी म्हणायचो, "कुंड्या आहेत." खरं कारण तेच होतं, आणि तिला ते खरं वाटायचं नाही.

कारकुनाच्या हातात झाड दिलं की जे व्हायचं ते झालं. मी वेळापत्रक केलं. सकाळी सात, संध्याकाळी सहा. मापाचा कप आणला. 'बघून घाला' म्हणजे मोजून घाला, असा मी अर्थ लावला होता. पानांच्या मागे तपकिरी ठिपके दिसले तेव्हा रोग समजून साबणाच्या पाण्याने एकूण एक पान पुसलं. तीन दिवस लागले. लेकीला व्हिडिओवर दाखवलं तर ती म्हणाली, "बाबा, ती त्यांची बीजं असतात." मी कपाळाला हात लावला. पण पुसून झालं होतं.

आणि त्याच सुमारास तो आवाज सुरू झाला.

टप्. मग जरा वेळ काही नाही. पुन्हा टप्. वरच्या मजल्यावरच्या एसीची पाइप आमच्या गॅलरीच्या कोपऱ्यात सोडलेली होती, आणि तिचं पाणी खाली ठेवलेल्या निळ्या बादलीत पडत होतं. वर खानदेशातलं जोडपं राहतं. नवरा नरोलीच्या कंपनीत, रात्रपाळीला. म्हणजे दिवसभर झोपणार, आणि दिवसभर एसी. पाळी त्याची, पाणी आमच्याकडे! माझ्या अगदी डोक्यात गेलं. रिकाम्या घरात तो थेंब एवढा मोठा ऐकू यायचा की मी पुढच्या थेंबाची वाट बघत बसायचो. पेपरची एक ओळ तीनतीनदा वाचायचो. बादली पुसायच्या कामाची असेल असं मला वाटलं. तिच्या कडीला बायकोच्या जुन्या सुती साडीचं फडकं बांधलेलं होतं, ते सोडून मी ग्रिल पुसायला घेतलं.

दुसरा कोणी असता तर पंधरा पायऱ्या चढून वर गेला असता. मी अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, महोदय, आपला विश्वासू, सगळं. सोसायटीच्या सेक्रेटरीला नेऊन दिला आणि पोच घेतली. ही माझी जुनी सवय. बायको चिडवायची, "तुम्ही मला मागणीसुद्धा अर्ज करूनच घातली असती, प्रत माहितीसाठी माझ्या बाबांना." चार दिवसांत पाइप मागच्या गटारावर वळवली गेली. बादली मी उपडी घातली. घरात शांतता झाली. काम वेळेत झाल्याचं मला समाधानही वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

मे उजाडला. आमच्या इमारतीत उन्हाळ्यात बोरचं पाणी येतं. टोपल्यांतल्या नेच्यांची टोकं आधी करपली, मग अख्खी पानं. जाळीखाली सावली होती, पाणी वेळेवर होतं, तरी करपली. मी कप वाढवला. मग कमी केला. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरला, तो बुरशी समजून मी नखाने खरवडला. हंसराजाची पानं रोज सकाळी स्टुलाखाली पडलेली असायची. ती मी केराच्या डब्यात टाकत नसे, एका वाटीत ठेवायचो. का, ते सांगता येणार नाही. एका सकाळी स्टुलाजवळ बसलो आणि मोठ्याने म्हणालो, "मी घालतोय गं पाणी. रोज घालतोय." रडू आलं. तिच्या दहाव्यालाही इतका रडलो नव्हतो, तेव्हा माणसं होती.

नंतर एका दुपारी दारावर टकटक झाली. वरची बाई होती. वाळत घातलेला मुलाचा टॉवेल आमच्या गॅलरीत पडला होता. मी तिला मागे नेलं. टॉवेल उचलायला वाकली आणि तशीच थांबली.

"अरे देवा, काका! हे काय होऊन गेलं?"

"उन्हाळा," मी म्हटलं.

तिने कुंडीच्या काठावरून बोट फिरवलं, पांढरं झालेलं बोट माझ्यासमोर धरलं. "बोरचं पाणी देऊ राहिले का तुम्ही? यांना ते चालत नाही ना. खार बसतो. काकू तर एसीचंच पाणी द्यायच्या."

"कुठल्या एसीचं?"

"आमच्या. अजून कोणाच्या?" तिने कोपऱ्याकडे हात केला. "आम्ही राहायला आलो त्याच उन्हाळ्यात काकूंनी सांगेल होतं, पाइप इकडे सोडा म्हणून. ह्यांनी तार बांधून सोडून देली. बादली भरली की काकू खालून हाक मारायच्या, पुरे गं, आज पोटभर झालं."

पूर्वीच्या क्वार्टरमध्ये नळाला गोडं पाणी होतं. चार वर्षांपूर्वी इथे आलो, तेव्हापासून उन्हाळ्यात बोर. तिने काहीतरी सोय केली असणार, हे मला सुचलंही नव्हतं. ती सोय मी अर्ज करून बंद पाडली होती.

"मग मी तक्रार केली तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?"

ती टॉवेलची घडी घालत राहिली. "सेक्रेटरी कागद दाखवायला आले होते. हे म्हणे, मी जाऊन सांगतो काकांना. मीच नको म्हटलं. म्हटलं, थेंब पडला की त्यांना काकूंची आठवण येत असेल. त्याच्यापायी बंद करायला सांगितलं असेल."

आठवण नव्हती, चिडचिड होती. मला ते पाणी तिचं आहे हेच माहीत नव्हतं.

"रविवारी तर काकू बादलीत फडकं टाकून ठेवायच्या," ती जाता जाता हसून म्हणाली. "आवाज नको व्हायला म्हणून. म्हणायच्या, साहेब आठवडाभर मरमर करतात, एक दिवस दुपारी झोपतात तर झोपू दे."

ती गेल्यावर मी आतल्या टेबलाशी बसलो आणि सवयीने कोरा कागद पुढे ओढला. 'विषय: दिनांक अमुकचा अर्ज मागे घेणेबाबत.' एवढं लिहिलं, आणि माझी मलाच शिसारी आली. पेन तिथेच टाकून उठलो. चार वर्षांत पहिल्यांदा त्या पंधरा पायऱ्या चढलो.

दार तिनेच उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आत नवरा झोपला होता. मी कुजबुजत म्हटलं, "पाइप पुन्हा सोडाल का? चुकलं माझं." तिने नुसती मान डोलावली. आत बोलावून चहा दिला. आम्ही दोघं एकमेकांशी फारसं न बोलता, आवाज न करता चहा प्यायलो. एसीचा बारीक घरघराट चालू होता. त्याचं पाणी कुठे पडतंय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. संध्याकाळी कामावर जाण्याआधी तिच्या नवऱ्याने तार बांधून पाइप खाली सोडली.

टोपल्यांतला एक नेचा गेला तो गेलाच. हंसराजाचं सगळं वाळलेलं मी मातीलगत कापलं. उरलं काय, तर काळ्या मुळांचा गोळा. रोज त्याला बादलीतलं पाणी घालत राहिलो, कप न मोजता, मातीला बोट लावून, खरंच बघून. अठराव्या दिवशी गोळ्याच्या कडेला एक कोंब दिसला. केसासारखा बारीक, टोकाशी घट्ट गुंडाळलेला. मी "अगं" म्हणून स्वयंपाकघराकडे वळलो. तोंडातून हाक निघून गेली होती. ओट्यावर माझा एकट्याचा कप उपडा घातलेला होता.

पुढे रविवार आला. निवृत्त माणसाला रविवार काय आणि सोमवार काय, पण जेवण झाल्यावर मी जुन्या सवयीने आडवा झालो. मागे थेंब पडायला लागला होता. टप्. उठलो. ग्रिलवरून ते फडकं काढलं. निळ्या बारीक फुलांची तिची रोजची साडी होती ती. या घरात दर रविवारी मी झोपलो की ती हे कापड पाण्यात सोडून, दार हळूच लोटून, बहुतेक इथेच स्टुलाजवळ बसत असणार. दुपारभर. एकटी. मला कधी विचारावंसं वाटलं नाही की तू दुपारी काय करतेस.

फडकं घडी करून मी कपाटात, तिच्या साड्यांच्या कप्प्यात ठेवलं. मग गॅलरीत खुर्ची नेली आणि बादलीशेजारी बसलो. चार वाजेपर्यंत थेंब पडत होता, आणि मी जागा होतो.