पहिल्या रांगेतले मामा

हैदराबादेत आजवर एकही वाद्य असं वाजलं नसेल, जे माझ्या मामेसासऱ्यांनी पहिल्या रांगेत बसून ऐकलेलं नाही. कव्वाली असो, भजन असो, शाळेच्या पोरांचा बँड असो. कानावर सूर पडायचा अवकाश, मामांचे पाय तिकडे वळलेच. मूळचे नांदेडकडचे, घरची कापसाची शेती, पण नोकरी सगळी हैदराबादच्या कोठी भागातल्या एका कचेरीत झाली. तेव्हा घरी निघालेले मामा वाटेत दिसेल त्या वरातीत शिरायचे आणि सनईवाल्याच्या शेजारून चालत थेट मांडवात पोचायचे. एका तेलुगू घरातल्या लग्नाच्या फोटोत ते नवरीच्या मामाच्या जागी उभे आहेत, आणि त्या घरून अजून त्यांना उगादीचं बोलावणं येतं.

दाद देण्याची त्यांची तऱ्हाही निराळी. गायक तान घेत असला की हे गप्प. तो श्वासासाठी थांबला, की त्या शांततेत ‘वा, थांबला बघा कसा’ असं सगळ्यांना ऐकू जाईलसं म्हणणार. स्वतः मात्र ते कधी गात नसत. आपला आवाज दुसऱ्याला ऐकवणं हा जुलूम आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत.

माझी बायको गेली आणि आमच्या लेकीचं गाणं बंद झालं. गाणं तिला आईनंच शिकवलेलं. फार दिवसांनी एका मैत्रिणीच्या आग्रहावरून ती एका कॅफेत गायला तयार झाली. लोकगीतं आणि ब्लूज, मैत्रिणीची गिटार आणि हिचा गळा, एवढाच संध्याकाळचा बेत. मामा विद्यानगरहून तासभर आधीच येऊन बसले होते. गाण्याच्या जागी पायात चप्पल नको म्हणून त्यांनी ती दाराबाहेर काढलेली, आणि तिथला वेटर ती पुन्हा पुन्हा अदबीनं आणून त्यांच्या खुर्चीखाली ठेवत होता.

ब्लूज म्हणजे काय, हे त्यांनी मैत्रिणीला विचारलं. अमेरिकेत कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या माणसांच्या गाण्यांतून ते आलं, असं तिनं सांगितल्यावर मामा माझ्याकडे वळून समाधानानं म्हणाले, “हौ, म्हणजे आमच्याकडचंच आहे.” पुढची सगळी इंग्रजी गाणी त्यांनी डोळे मिटून, मान डोलवत ऐकली, आणि प्रत्येक विरामाला दाद दिली.

शेवटी लेकीनं आईची ओवी धरली. पहिली ओळ सुरेख आली. दुसरीच्या तोंडाशी ती थांबली आणि माईकपासून बाजूला वळली. मैत्रीण तारा छेडत राहिली, लोक वाट बघत राहिले. मी अर्धवट उठलो, पण उठून काय करायचं ते मला कळेना.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक बेसूर, घोगरा आवाज निघाला. मामा गात होते:

दळण सरलं, सूप झालं रिकामं,
सुनेच्या ओव्यांचं सरेना ग काम.

कुणीतरी हसलं. मामांनी तीच ओळ आणखी बेसूर करून पुन्हा म्हटली. लेकीनं डोळे पुसले आणि माईकवरूनच सांगितलं, “सुनेच्या नाही, आजोबा. लेकीच्या.”

“असं का? मग म्हणून दाखव,” मामा म्हणाले.

तिनं म्हणून दाखवली. मग पुढची, त्याच्या पुढची. गिटार हळूहळू त्या ओव्यांच्या मागून चालू लागली, आणि मी बसलो तो चेहरा रुमालात धरूनच.

बाहेर आल्यावर मी त्यांचे आभार मानायला लागलो. शब्द चुकले ते बरंच झालं, असंही काहीतरी बोलून गेलो. मामा चप्पल घालत होते.

“माझ्या आईची ओवी आहे ती, जावईबापू,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “मी कसा विसरेन?”

मामा त्या रात्री मुक्कामाला आमच्याकडेच येणार होते. परतताना मेट्रोत त्यांना डुलकी लागली आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. समोर बसलेली लेक खिडकीबाहेर बघत आपल्याशीच गुणगुणत होती. दिलसुखनगर आलं, आमचं उतरायचं स्टेशन. दारं उघडली, माणसं उतरली. मी दोघांकडे पाहिलं आणि बसूनच राहिलो. दारं मिटली, गाडी पुढं निघाली. तिचं गुणगुणणं चालूच होतं.