गॅलरीत घेतलेला नियम

वर्ल्ड कप आला की कोल्हापूरला जे वेड लागतं त्यावर अजून औषध निघालेलं नाही. एक गल्ली ब्राझीलची, तिच्या मागची अर्जेंटिनाची, कोपऱ्यावरचा सलूनवाला जर्मनीचा. चौकाचौकात दोन-दोन मजली फलक चढतात, आणि ज्यानं जयसिंगपूरच्या पलीकडं पाऊल टाकलेलं नाही तोही परक्या देशातल्या खेळाडूच्या दुखऱ्या गुडघ्याची काळजी करत फिरतो. या सगळ्या गोतावळ्यात राजारामपुरीतला अण्णाप्पा मगदूम तेवढा भारताच्या बाजूचा. भारत त्या स्पर्धेत नसतोच, हे त्याला कुणी सांगायला गेलं की तो फाडकन म्हणायचा, "म्हणून काय दुसऱ्याच्या बारशात आपण पेढं वाटायचं?"

अण्णाप्पा एसटीत चौतीस वर्षं कंडक्टर होता, बहुतेक मलकापूरच्या फेरीवर. रजा घ्यायची ती फक्त फुटबॉलसाठी. स्टेडियमच्या गॅलरीत त्याची जागा ठरलेली आणि त्याच्या डाव्या हाताला जोतीरामची. जोतीरामची पेठेत पिठाची गिरणी होती, आणि अर्जेंटिना म्हटलं की तो गिरणी चालू ठेवून बाहेर पळायचा. चाळीस वर्षं दोघं एकमेकांना शिव्या घालत, एकाच पुडीतले शेंगदाणे खात मॅच बघत आले. बायकांशी जेवढं बोलले नसतील तेवढं ते त्या गॅलरीत बोलले.

अण्णाप्पाची दुसरी ओळख म्हणजे त्याचे नियम. जैनाच्या घरात नियम घेणं नवं नाही. कुणी महिनाभर गोड सोडतो, कुणी वर्षभर तूप. पण अण्णाप्पाचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एकदा बांबवड्याला बस बंद पडली आणि दिवस मावळला. ड्रायव्हरनं धाब्यावर पोटभर जेवून घेतलं, अण्णाप्पा तिकिटाची पेटी मांडीवर घेऊन उपाशी बसून राहिला. सूर्य बुडाल्यावर खायचं नाही म्हणजे नाही. रत्नाबाई, त्याची बायको, म्हणायची, "ह्यांचं तोंड आणि बाभळीचा काटा, एकदा रुतला की निघत न्हाय."

तर दोन हजार चोवीसचा जानेवारी. आशिया कपात भारत खेळणार होता. अण्णाप्पानं आयुष्यात पहिल्यांदा फलक करून घेतला, निळ्या रंगाचा, आणि घरासमोरच्या खांबाला बांधला. ब्राझीलच्या फलकापुढं तो दाराच्या पायपुसण्याएवढा दिसायचा, पण अण्णाप्पा येता-जाता त्याच्याकडं पोराच्या लग्नातल्या मांडवाकडं बघावं तसं बघायचा. पहिली मॅच ऑस्ट्रेलियाशी. अर्धा वेळ भारतानं दम धरला, नंतर दोन गोल खाल्ले.

दुसऱ्या दिवशी रविवार. पेठांच्या संघांची मॅच बघायला दोघं गॅलरीत बसले, आणि जोतीरामला कोलीत मिळालं.

"आण्ण्या, तुझा भारत ह्या कपात एक गोल मारून दाखवू दे, मी मिशी काढतो."

"मागच्या बारीला थायलंडला चार हाणल्याती, इसरलास?"

"तवा हाणल्याती. आता तुझ्या फलकाला फेफरं आलंय."

आजूबाजूची चार टाळकी हसली. अण्णाप्पाच्या डोक्यात तिडीक गेली. तो उठून उभा राहिला, मुनिमहाराजांसमोर जोडतात तसे दोन्ही हात जोडले आणि अख्ख्या गॅलरीला ऐकू जाईल असा ओरडला, "आशिया कपात भारताचा गोल पडल्याबिगर ह्या स्टेडियमची पायरी चढणार न्हाय! नियम हाय माझा!" आणि तसाच तरातरा खाली उतरून गेला.

डोक्यात हिशेब साधा होता. दोन मॅचेस शिल्लक. दोन मॅचेसमध्ये एक गोल पडणार नाही, असं कसं होईल?

झालं. उझबेकिस्तानशी तीन-शून्य. शेवटची सीरियाशी, संध्याकाळी पाचची. अण्णाप्पा टीव्हीसमोर हात जोडून बसला होता. शेवटच्या पंधरा मिनिटांच्या तोंडावर सीरियानं गोल केला आणि पुढचा सगळा वेळ त्याच्या तोंडून "एक, फकस्त एक" एवढंच येत राहिलं. शिट्टी वाजली. रत्नाबाईनं टीव्ही बंद केला.

"पुढचा कप कधी?" तिनं विचारलं.

"तीन वर्सांनी."

"जात्यात की तीन वर्सं," ती म्हणाली. पण नवऱ्याचं तोंड बघून तिलाच ते खरं वाटेना.

जोतीराम दुसऱ्या दिवशी स्वतःची मिशी काढून दारात उभा. "ही घे, मी हरलो समज. चल आता." अण्णाप्पा जागचा हलला नाही. मग रत्नाबाईनं त्याला गावात मुक्कामाला आलेल्या मुनिमहाराजांकडं नेलं. महाराजांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हा नियम कुणाच्या साक्षीनं घेतला?"

"गॅलरीच्या," अण्णाप्पा खाली मान घालून म्हणाला.

"मग तो नियम नाही, राग आहे. मी दिला नाही, तर मी सोडवू कसा? रागातून तुम्हीच उतरा."

रत्नाबाईला वाटलं, सुटलो. अण्णाप्पाला वाटलं, आता तर सोडवणाराही कुणी उरला नाही. जन्मभर उपाशी राहून, कांदा-बटाटा टाळून जे पाळलं ते सगळं आपल्या शब्दावर उभं आहे. त्यातला एक शब्द सोयीचा नाही म्हणून मोडला, तर बाकीचे कशाच्या जोरावर पाळायचे? हे असलं डोकं. शहाणपण म्हणावं तर शहाणपण, नाहीतर शुद्ध मूर्खपणा.

मॅचच्या दिवशी तो स्टेडियमबाहेर शेंगदाण्याच्या गाड्याजवळ उभा राहायचा. आत जोतीराम मोबाइल कानाला लावून सगळं सांगायचा, "बॉल उजवीकडनं निघालाय, मार म्हणलं, घातला बाहेर, मुडदा बशिवला ह्याचा!" हळूहळू अण्णाप्पाला नुसत्या आवाजावरून कळायला लागलं. गोल हुकला की गॅलरी कशी कण्हते, पंच चुकला की कशी पेटते, कुठल्या पेठेचा गोल की कुठल्या बाजूनं आरोळी उठते. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला भिंतीतनं दिसतंय. भिंतीतून काय दिसणार? आत जायचं नाही म्हणून आतडं तुटत होतं, दुसरं काही नाही.

पुढच्या वर्षी जोतीरामला साखरेनं गाठलं. मूत्रपिंडं गेली, आठवड्याला दोनदा डायलिसिस. ऑक्टोबरात गोव्यात भारताची सिंगापूरशी मॅच होती. पुढच्या आशिया कपात जायचं तर जिंकायलाच हवं अशी. अण्णाप्पा जोतीरामच्या खाटेशी येऊन बसला. सुरुवातीलाच भारताचा गोल पडला.

जोतीराम खाटेवर उठून बसला. "पडला की रं गोल! सुटलास लेका!"

"हा पात्रतेचा हाय जोत्या. मी कपात म्हटलतो."

"गोल तो गोल की रं!"

"न्हवं."

मग सिंगापूरनं दोन मारले आणि पुढच्या कपाचं दार बंद झालं. त्याच्या पुढचा कप दोन हजार एकतीसला. अण्णाप्पा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा असणार. आणि त्यात तरी भारत असेल, हे कुणी सांगावं? आपण आपल्या हातानं आपल्याला जन्मठेप दिली, हे त्याला त्या खोलीत पहिल्यांदा लख्ख कळलं.

"आण्ण्या," जोतीराम भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "सीझन सुरू झाला की एकदा मला ने. तुझ्या शेजारी बसायचंय. माझ्यासाठनं मोड की रं तो नियम."

अण्णाप्पानं त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

डिसेंबरात सीझन सुरू झाला. एका रविवारी जोतीरामचा मुलगा कृष्णात बापाला रिक्षातून घेऊन आला. जोतीराम वाळून निम्मा झाला होता. गेटापाशी त्यानं हात पुढं केला. "चल."

अण्णाप्पानं तो हात धरला. पहिल्या पायरीपर्यंत आला, उजवा पाय उचलला, आणि तसाच थांबला. पाय वर जाईना. मागून गर्दी ढकलत होती.

"तू जा, जोत्या. मी फोनवर हाय."

जोतीरामनं एकदा त्याच्याकडं बघितलं. रागावला असता तर बरं झालं असतं. कृष्णातनं बापाला उचलून वर नेलं.

फोन लागला. पण आतून नेहमीसारखं काही येईना. नुसता श्वास. पंधरा-वीस मिनिटांनी डाव्या बाजूनं आरोळी उठली, गोल झाला.

"जोत्या, कुणी मारला?"

"तूच सांग."

"मी भाईर हाय, मर्दा. तू आत हायस."

"मला दिसत न्हाय, आण्ण्या. दिवाळीपास्नं समदं धुरकट हाय. घरात कुणाला सांगिटलं न्हाय. तुला आवाजावरनं कळतंय न्हवं? सांग की कुणी मारला."

म्हणजे जोत्या मॅच बघायला आलाच नव्हता. शेंगदाण्याच्या गाड्याला धरून अण्णाप्पा सांगत राहिला, निळ्यांनी मारला, आता पिवळे चढल्यात, आता हुकला. बाहेरचा आंधळा आतल्या आंधळ्याला मॅच सांगत होता. दोनदा तो पायऱ्यांपर्यंत गेला आणि दोनदा परत फिरला. मॅच संपली तेव्हा त्यानं मनाशी ठरवलं, पुढच्या रविवारी चढायचं. नियम जाऊ दे खड्ड्यात.

जोतीराम गुरुवारी गेला.

शनिवारी रक्षाविसर्जन झालं. पंचगंगेच्या घाटावरून माणसं आपापल्या घरी पांगली. अण्णाप्पा घरी गेला नाही. चालत चालत स्टेडियमवर आला. गेट अर्धं उघडं होतं, मैदानावर पाणी मारायचं काम चाललं होतं. तो पायऱ्यांपाशी थांबला नाही. सरळ चढला. नऊ पायऱ्या होत्या. जागेवर जाऊन बसला आणि डावीकडची जागा हातानं झाडली, तिथं धूळ होती म्हणून.

काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही, पाय लुळा पडला नाही. बाकीचे नियमही होते तिथंच होते. एवढंच होतं तर.

खालून वॉचमन ओरडला, "ओ अण्णा! आज मॅच न्हाय!"

"ठावं हाय."

"मग कशाला आलाय?"

"गेल्या रविवारी यायला पायजे हुतं," अण्णाप्पा म्हणाला, आणि टोपी तोंडावर दाबून रडायला लागला.