दुभाष्याचा एकच आवाज

बेळगावच्या कोर्टात मी कारकून होतो, अण्णा दुभाषी. कुणी रडो की शिव्या देवो, कन्नड-मराठीतलं सगळं ते एकाच दमलेल्या आवाजात इंग्रजीत सांगत. ऐकून मला वीट यायचा. इंग्रज जज्जसाहेब मात्र कौतुकानं त्यांना ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणत.

“म्हणजे कुणाची बाजू न घेणारा. फिकीर नसलेला न्हवं रं,” अण्णा मला बजावत.

एकदा मारामारीच्या खटल्यात अण्णांचा धाकटा भाऊच आरोपी निघाला. “दुसरा दुभाषी बोलावू?” साहेबांनी विचारलं. ते नको म्हणाले. भावाला झालेली कैदही त्यांनी त्याच आवाजात मराठीत ऐकवली.

बाहेर त्यांची भावजय उभी होती. “अण्णा, साहेबाचं कळलं. आता तुमचं सांगा.”

त्यांनी घसा खाकरला आणि सवयीनं साहेबांच्या शब्दांसाठी मागं वळून पाहिलं. साहेब केव्हाच जेवायला गेले होते.